दाशीच्या देशातले शाकाहारी घर

जपानला निघालेल्या शाकाहारी माणसाला दोन सल्ले हमखास मिळतात. एक, "तिथे काही मिळत नाही, बॅगा भरून ने." दुसरा, "निदान मासे तरी खायला लाग." दोन्ही सल्ले मायेपोटी दिलेले असतात आणि दोन्ही अपुरे आहेत. आम्ही टोकियोच्या एदोगावा भागात बिऱ्हाड केले तेव्हा मी दूध-दही खाणारी शाकाहारी, नवऱ्याने दूधही सोडलेले आणि लेक नुकती पहिलीत जाणारी. आमच्या तिघांचे ताट या शहरात रोज भरते, चवीने भरते. नव्याने आलेली मंडळी घरी आली की जे सांगत आले, तेच इथे लिहिते आहे. सगळ्याच्या मुळाशी माझे एक म्हणणे आहे: जपानी स्वयंपाकघर शिकून घ्या. 'शाकाहारी' अशी पाटी शोधत फिरणारा इथे उपाशी राहतो. इथल्या डाळी, पाला, कंद आणि समुद्री शेवाळे ओळखणारा पोटभर जेवतो.

१. सगळ्यात आधी दाशी

जपानी जेवणात मांस बहुतेक वेळा दिसते आणि ते टाळता येते. दिसत नाही ती दाशी. कात्सुओ नावाचा मासा उकडतात, धुरी देतात, लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवतात आणि मग रंध्याने किसतात. या किसाला कात्सुओबुशी म्हणतात. तो गरम पाण्यात टाकून गाळले की झाली दाशी. मिसो सूप, उदोन आणि सोबा या शेवयांचे पाणी, भोपळ्याची उकडलेली भाजी, तेंपुरासोबत येणारी वाटी, इनारीच्या टोफूच्या पिशव्या, या सगळ्यांत ती असते. पालकाची साधी उकडलेली जुडी मागवली तरी ती दाशीत मुरवलेली असते आणि वर चिमूटभर कीस असतो.

पण दाशी माशाचीच असली पाहिजे असे मुळीच नाही. कोंबू या समुद्री शेवाळाची दाशी तितकीच जुनी आणि तितकीच मानाची आहे. १९०८ मध्ये टोकियोच्या शाही विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी उमामी ही चव कशाने येते याचा शोध लावला, तो कोंबूवर काम करूनच. त्यांनी त्यातून ग्लुटामेट वेगळे काढले आणि पुढच्याच वर्षी अजिनोमोतो बाजारात आले. ज्या चवीवर हा सारा स्वयंपाक उभा आहे, ती शास्त्राला पहिल्यांदा सापडली ती शेवाळात. मला याचा फार आधार वाटतो. आपण मागतो आहोत ते या स्वयंपाकाच्या आतलेच आहे, हे कळले की मागताना संकोच उरत नाही.

घरी करायची रीत सोपी आहे. एक लिटर पाण्याला सुमारे दहा ग्रॅम कोंबू, रात्रभर फ्रिजमध्ये. घाई असेल तर मंद आचेवर ठेवून उकळी फुटण्याआधी कोंबू बाहेर काढायचा. उकळला तर पाणी बुळबुळीत आणि उग्र होते. सोबत दोन-तीन वाळलेली शिताके अळंबी गार पाण्यात भिजवून ते पाणी मिसळले की चव दुपटीने खुलते. होक्काइदोच्या रिशिरी आणि राउसूचा कोंबू दाशीसाठी नावाजलेला. हिदाकाचा लवकर शिजतो, म्हणून तो बारीक चिरून भाजीतही घालता येतो. आमच्याकडे हे पाणी मिसो सूपमध्ये जाते आणि तुरीच्या साध्या वरणातही. एक मात्र सांभाळा. कोंबूत आयोडीन फार असते. थायरॉइडचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज वापरू नका.

२. नकार एकेका जिनसाचे नाव घेऊन सांगा

"मी शाकाहारी आहे" एवढ्याने इथे काम होत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात भाज्या जास्त खाणारी व्यक्ती येते आणि तो आपुलकीने सॅलडवर बेकनचे तुकडे घालून आणतो. मांस नको, मासे नकोत, कोळंबी-शिंपले नकोत, अंडे नको, दूध नको, आणि माशाची दाशी किंवा हाडांचे पाणीही नको, असे एकेक मोजून सांगावे लागते. आम्ही हे सगळे जपानीत एका कार्डावर छापून घेतले आहे. तळाशी एक ओळ आहे: "मीठ, सोयासॉस, तीळ, कोंबू आणि शिताके चालतात." नकारांची लांब यादी वाचून गोंधळलेला आचारी या ओळीशी आला की त्याचा चेहरा खुलतो. काय चालते हे सांगणे काय चालत नाही याइतकेच गरजेचे आहे.

लहान हॉटेलात जायचे असेल तर आदल्या दिवशी फोन करा. दुपारच्या गर्दीत उभ्या-उभ्या बदल मागू नका. इथला आचारी त्याच्या पदार्थाला जीव लावतो, त्यातले काही काढून टाकायला तो तयार नसतो, आणि मला त्यात गैर वाटत नाही. पण वेळ दिला तर तोच माणूस तुमच्यासाठी वेगळे ताट मांडतो. आमच्या गल्लीतल्या सोबावाल्या आजोबांना आम्ही आठवडाभर आधी विचारले होते. त्यांनी शिताकेच्या पाण्याची वाटी वेगळी करून ठेवली आणि आता आम्ही कळवून गेलो की ती असतेच. विचारल्यावर "जरा कठीण आहे" असे उत्तर आले तर ते नाहीच समजावे आणि आभार मानून निघावे.

३. पाकिटाची मागची बाजू

जपानी कायद्याने काही जिन्नस पाकिटावर ठळकपणे सांगणे सक्तीचे आहे. त्यांत कोळंबी, खेकडा, अक्रोड, गहू, सोबाचे धान्य, अंडे, दूध आणि शेंगदाणा येतात. अक्रोड या यादीत २०२३ मध्ये आला. ही यादी ॲलर्जीसाठी आहे, शाकाहारासाठी नाही, हे नीट लक्षात घ्या. अंडे आणि दूध टाळणाऱ्याला तिची मोठी मदत होते. गोमांस, डुकराचे मांस, कोंबडी, जिलेटिन यांचा उल्लेख फक्त शिफारशीपुरता आहे, आणि कात्सुओ तर दोन्ही याद्यांत नाही. तेव्हा चौकट बघून समाधान मानू नका. घटकांची पूर्ण ओळ वाचा.

त्यासाठी सगळी लिपी यायची वाट बघायला नको. मांस, मासा, डुक्कर, गाय, कोंबडी, अंडे, दूध, कोळंबी यांची चित्राक्षरे आकारावरून पाठ करा. सोबत कात्सुओ, एकिसु म्हणजे अर्क, राअदो म्हणजे डुकराची चरबी आणि झेराचिन हे शब्द काताकाना लिपीत ओळखता आले की अर्धे दुकान उलगडते. दुधाचे अक्षर 'न्यूकाझाइ'मध्येही येते, पण तो नुसता इमल्सिफायर आहे. ते अक्षर दिसले म्हणून चांगली वस्तू परत ठेवू नका. दूध असेल तर ॲलर्जीच्या ओळीत ते येतेच. मोबाइलचा कॅमेरा भाषांतर करून देतो, त्याचा उपयोग होतो, तरी गोल बाटलीवरच्या बारीक अक्षरांत तो चुकतो. डोळ्यांना सवय हवीच.

काही ठिकाणे सांगून ठेवते. साधा सोयासॉस चालतो. मेंत्सुयू या शेवयांच्या तयार सॉसमध्ये मासा असतो आणि पोंझूमध्येही पुष्कळदा असतो. साधा मिसो चालतो. 'दाशी-इरी' लिहिलेला नाही. नात्तो हे आंबवलेले सोयाबीन आहे, पण सोबतच्या पुडीतल्या सॉसमध्ये सहसा कात्सुओ असतो. ती पुडी बाजूला ठेवून मीठ, मोहरी आणि थोडा सोयासॉस घाला. करीच्या तयार वड्यांत गायी-डुकराची चरबी असते. किमचीत माशाचा सॉस किंवा जवळा असतो. मिठाच्या साध्या वेफर्सच्या पाकिटावरही कोंबडीचा अर्क निघतो. काही दह्यांत जिलेटिन असते. पाव घेताना दूध, अंडे आणि राअदो हे तिन्ही बघावे. आणि पाकिटाचे रूप बदललेले दिसले की पुन्हा पहिल्यापासून वाचा, कारण आतला मालही बदललेला असू शकतो.

४. कोनबिनीत अडलात तर

रात्री उशिरा, परगावी, स्टेशनाबाहेर फक्त कोनबिनी, म्हणजे रात्रंदिवस चालणारे छोटे दुकान, उघडे असते. तिथे हे चालते: मिठाचा साधा ओनिगिरी (भाताचा गोळा), भाजलेले रताळे, केळी, मीठ लावलेले एदामामे, बिनसाखरेचे सोयादूध, खारे दाणे. गोड हवे असेल तर लाल अझुकीचे योकान. ते शेवाळापासून काढलेल्या कांतेनने, म्हणजे आपल्या अगर-अगरने, जमवतात. आंबट उमेचा ओनिगिरी बघून घ्यावा लागतो, काहींत कात्सुओ असतो. कोंबूच्या ओनिगिरीचेही तेच.

५. टोफू म्हणजे एक पदार्थ नव्हे

भारतातून येणारे लोक टोफूला बेचव पनीर समजतात आणि एकदा खाऊन सोडून देतात. इथे त्याचे इतके प्रकार आहेत की आठवडाभर रोज वेगळा रांधता येतो. मोमेन घट्ट असतो, तो भुर्जीला. किनुगोशी रेशमासारखा मऊ; घुसळून त्यात जिरे, हिरवी मिरची आणि तुपाऐवजी तिळाच्या तेलाची फोडणी दिली की दूध न खाणाऱ्यासाठी सुरेख कोशिंबिरी होतात. आत्सुआगे बाहेरून तळलेला आणि आतून ओला असतो, तो गोड्या मसाल्याच्या रश्श्यात न फुटता शिजतो. आबुराआगेच्या पातळ पिशव्यांवर उकळते पाणी ओतून तेल काढावे आणि पालेभाजीत चिरून घालाव्यात. कोया-दोफू गोठवून वाळवलेला असतो, महिनोन्महिने टिकतो आणि भिजवला की स्पंजसारखा रस ओढून घेतो. कोरडाच किसून थालीपिठाच्या पिठात मिसळला तर कोणाला कळतही नाही आणि प्रथिने वाढतात.

ओकारा मात्र मला सगळ्यांत आवडतो. सोयादूध पिळून उरलेला हा चोथा टोफूवाल्याकडे अगदी स्वस्तात मिळतो, काही जण तर तसाच देतात. कांदा, ओवा, तिखट, कोथिंबीर आणि थोडे बेसन घालून त्याच्या वड्या वाफवाव्यात आणि तव्यावर लालसर कराव्यात. वस्तीत टोफूचे जुने दुकान असेल तर तिथूनच घ्या. ही दुकाने वर्षागणिक कमी होत आहेत, आणि सकाळी ताज्या काढलेल्या टोफूची चव सुपरमार्केटच्या डब्याला येत नाही.

दह्याची अडचण नवऱ्याने सोडवली. सोयादूध दोन तऱ्हेचे येते. 'मुचोसेइ', म्हणजे ज्यात सोयाबीन आणि पाण्याखेरीज काही नसते, त्यात सोयाबीनचा घन भाग निदान ८ टक्के असावा लागतो. 'चोसेइ'मध्ये निदान ६ टक्के, आणि त्यात तेल, साखर, मीठ घालतात. विरजण पहिल्यातच चांगले लागते. त्या दह्याची कढी फाटू नये म्हणून बेसन थोडे जास्त लावायचे आणि आच मंद ठेवायची.

६. भाजीबाजारातले नातेवाईक

इथल्या भाजीबाजारात मला परके वाटत नाही, कारण निम्म्या भाज्या आपल्या नात्यातल्या आहेत. सातोइमो म्हणजे अळकुड्या. चिंच-गूळ घालून त्यांचा रस्सा थेट घरच्यासारखा होतो. गोया म्हणजे कारले, ओकिनावाचे लाडके. काबोचा म्हणजे लाल भोपळा, आपल्यापेक्षा गोड आणि कोरडा, भरिताला उत्तम. रेंकोन म्हणजे कमळकाकडी. भेंडीला तर इथेही ओकुराच म्हणतात. दायकोन पाल्यासकट मिळाला तर सोडू नका; पाल्याची मूगडाळ घालून भाजी, मुळ्याची कोशिंबीर आणि सालीची चटणी होते. कोन्न्याकू बघून नवे लोक बिचकतात. ज्या कंदापासून तो करतात तो आपल्या सुरणाच्याच वंशातला आहे, आणि सुरणाप्रमाणेच नीट प्रक्रिया केली नाही तर घसा खाजवणारा. दुकानातला कोन्न्याकू तयार असतो. उकळून, कोरडा परतून घेतला की मसाला धरतो.

पालेभाज्यांत कोमात्सुनाला तोड नाही. ही भाजी आमच्या एदोगावाचीच. इथल्या कोमात्सुगावा गावावरून तिला नाव मिळाले. शिकारीला आलेल्या शोगुन योशिमुनेला ती वाढली आणि त्याने हे नाव दिले अशी आख्यायिका आहे. अजूनही या भागात तिची शेते आहेत. पालकासारखी ती पाणी सोडत नाही. लसणाची फोडणी, भिजवलेले दाणे आणि डाळीचे पीठ लावून पातळ भाजी करा, भाकरीबरोबर लागते. शहराच्या कडेला शेतकरी रस्त्यावर छोटी मांडणी ठेवतात: भाजीच्या जुड्या आणि पैशाचा डबा, राखणीला कोणी नाही. शंभर येनाचे नाणे टाकायचे आणि जुडी घ्यायची. तिथली भाजी सकाळीच काढलेली असते.

उपासाचे विचारतात म्हणून सांगते. 'हिए' हे सावा कुळातले बारीक धान्य आणि 'आवा' म्हणजे राळे, दोन्ही धान्याच्या दुकानात मिळतात. हिएचा भात दाण्याच्या आमटीबरोबर आमच्या आषाढी एकादशीला रुळला आहे.

७. भारतीय दुकान कशासाठी

निशी-कासाइ स्टेशनभोवती भारतीय वस्ती वाढली ती २००० सालच्या आसपास, संगणकातला तारखेचा प्रश्न सोडवायला आलेल्या इंजिनिअरांमुळे. ओतेमाचीच्या कचेऱ्यांना इथून थेट गाडी आहे. २०१९ मध्ये याच एदोगावाच्या नगरसभेवर योगेंद्र पुराणिक निवडून आले, आपले मराठी गृहस्थ. टोकियो मराठी मंडळाचा गणेशोत्सव आहे, मोदकही होतात. तेव्हा तूरडाळ, पोहे, हिंग मिळतील का ही काळजी करू नका. शिन-ओकुबोची हलाल दुकाने आणि उएनोच्या आमेयोकोतले मसालेवाले यांच्याकडेही डाळी आणि अख्खे मसाले मिळतात; हलाल दुकान म्हणून शाकाहारी माणसाने बाहेरून परतू नये.

पण या दुकानांवर सगळा संसार चालवू नका असे मी आग्रहाने सांगते. सातासमुद्रापलीकडून आलेली दोडकी महागही असतात आणि सुकलेलीही. मी तिथून तूरडाळ, पोहे, हिंग, ज्वारीचे पीठ एवढेच आणते; गोडा मसाला आणि मेतकूट माहेरून येते. बाकी सगळे इथले. तांदळाबद्दल लोक उगाच कुरकुरतात. जपानी तांदूळ चिकट आहे खरा, पण इंद्रायणी खाणाऱ्या माणसाला त्याचे काय? वरण-भाताला, दहीभाताला तो उत्तम.

भारतीय हॉटेलांतही विचारूनच जेवा. भाज्यांच्या करीचा आधारच कधीकधी कोंबडीच्या पाण्याचा असतो, आणि नानच्या पिठात दूध, अंडे असू शकते.

८. मंदिराच्या पंगतीला बसा

ज्याला या देशात शाकाहारी म्हणून राहायचे आहे त्याने एकदा तरी शोजिन र्योरी जेवावी. बौद्ध मठांतले हे जेवण. त्यात मांस, मासे नाहीतच, आणि कांदा, लसूण यांसारख्या उग्र वासाच्या भाज्याही वर्ज्य. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या घरात वाढलेल्या मला ते ताट पहिल्या घासापासून ओळखीचे वाटले.

या परंपरेमागे मोठा इतिहास आहे. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मू याने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यावर शेतीच्या हंगामापुरती बंदी घातली. तशा आज्ञा पुढेही निघत राहिल्या. मासे आणि रानातली शिकार चालू होती, सगळा देश शाकाहारी कधीच नव्हता. पण पाळीव जनावर मारून खाणे शतकानुशतके कमीपणाचे मानले गेले. १८७२ मध्ये मेइजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले, तेव्हा कुठे ते मोकळेपणाने ताटात आले. म्हणजे आज जपानी म्हणून ओळखले जाणारे कितीतरी मांसाचे पदार्थ गेल्या दीडशे वर्षांतले आहेत, आणि तीळ, टोफू, कंद, कोंबू यांचा स्वयंपाक त्याहून कितीतरी जुना आहे.

झेन गुरू दोगेन यांनी १२३७ मध्ये मठाच्या आचाऱ्यासाठी 'तेन्झो क्योकुन' लिहिले. तांदूळ निवडणे, धुणे, पाणी वाया न घालवणे, ही कामे त्यांनी साधनेच्या बरोबरीची मानली. आजही कोयासानच्या डोंगरावर पन्नासच्या आसपास मंदिरांत मुक्काम करता येतो आणि रात्री-सकाळी हे जेवण मिळते. तिळाची पेस्ट आणि कुझूचे पीठ घोटून केलेला गोमा-दोफू तिथे खावा. घोटण्यात हात जराही थांबलेला चालत नाही, आणि ती मेहनत जिभेला कळते. क्योतोजवळ उजीला मानपुकु-जी हे मंदिर आहे. १६५४ मध्ये चीनमधून आलेले भिक्षू इंगेन यांनी ते स्थापन केले. तिथली फुचा र्योरी चार जण एका टेबलाभोवती बसून एकाच भांड्यातून वाटून घेतात. फरसबीला इथे इंगेन-मामे म्हणतात ते त्यांच्याच नावावरून.

मुक्काम स्वस्त नाही. रोज परवडणारही नाही. शिवाय मंदिराबाहेरची काही हॉटेले शोजिन म्हणून माशाची दाशी वापरतात, तेव्हा कार्ड तिथेही दाखवा. पण हे जेवण जेवून आल्यावर मी इथल्या कोणत्याही आचाऱ्याशी बोलताना "तुमचे नेहमीचे काढून टाका" असे न म्हणता "शोजिनसारखे करता येईल का?" असे विचारू लागले. त्यावर समोरच्याला काय करायचे ते पटकन कळते, आणि पुष्कळदा तो हौसेने करतो.

९. बाहेर खाणे आता सोपे झाले आहे

टोकियो स्टेशनच्या आत टीज तानतानमध्ये पूर्ण वनस्पतिजन्य रामेन मिळते. कोको इचिबान्या या करीच्या साखळीत प्राणिज घटक नसलेली करी मागता येते, भांडी मात्र वेगळी नसतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी जाऊ नये. सप्टेंबर २०२२ मध्ये शेती मंत्रालयाने शाकाहारी आणि व्हीगन पदार्थांसाठी व उपाहारगृहांसाठी जास, म्हणजे जपानी कृषी मानकांची, प्रमाणके ठरवली. असा शिक्का सर्रास दिसत नाही, पण निदान व्याख्या सरकारी कागदावर आली. दिसला तर ती वस्तू आवर्जून घ्या. मागणी दिसल्याशिवाय दुकानदार माल ठेवत नाही.

१०. शाळेचा डबा

मुलांच्या बाबतीत धीर आणि आधी केलेली बोलणी, दोन्ही लागतात. १९५४ च्या कायद्यापासून शाळेतले जेवण हा इथे शिक्षणाचाच भाग आहे. मुले पांढरे डगले घालून एकमेकांना वाढतात आणि सगळे एकच जेवण जेवतात. आपले मूल वेगळे खाणार, हे शाळेला काळजीचे वाटणे साहजिक आहे. प्रवेशाच्या वेळीच वर्गशिक्षक आणि आहारतज्ज्ञ बाई यांच्यासोबत बसा. ॲलर्जीच्या मुलांसाठी घरून डबा आणण्याची पद्धत असते. त्याच वाटेने आपल्यालाही सवलत मागता येते.

महिन्याचा तक्ता आधी घरी येतो. त्यात प्रत्येक पदार्थातले जिन्नस लाल, पिवळ्या आणि हिरव्या गटांत लिहिलेले असतात: शरीर घडवणारे, शक्ती देणारे, प्रकृती राखणारे. मी आणि लेक तो तक्ता घेऊन बसतो आणि तिला चालणाऱ्या गोष्टींवर खूण करतो. भात, फळे आणि दूध ती शाळेचेच घेते. बाकी दिवसाच्या रूपाशी जुळेल असे मी देते: हॅम्बर्गच्या दिवशी ओकाराची टिक्की, तळलेल्या माशाच्या दिवशी तळलेला आत्सुआगे, करीच्या दिवशी आमची करी. मुलाला आपल्या डब्याचा अभिमान वाटावा, लपवावासा वाटू नये. वर्गात कोणी विचारले तर काय सांगायचे, हेही घरी बोलून ठेवा. "आमच्या घरी प्राणी खात नाहीत" एवढे साधे वाक्य लेकीला पुरते.

११. बी-१२

दूधही न घेणाऱ्याने बी-१२ ची गोळी घ्यावी आणि वर्षातून एकदा रक्त तपासावे. शेवाळातून मिळते या भरवशावर राहू नये. हिजिकी हे शेवाळ रोज खाऊ नये, त्यात अजैव आर्सेनिक जास्त असते. अधूनमधून, भिजवलेले पाणी फेकून खावे.

१२. भूकंपाची पिशवी

हे शेवटी लिहिते आहे, पण घर लागल्याबरोबर पहिल्या आठवड्यात करायचे काम आहे. भूकंप झाला, पूर आला आणि निवारा केंद्रात जावे लागले, तर तिथे मिळेल ते खावे लागते, आणि त्या घाईत कोणी घटक वाचून दाखवणार नाही. आमच्या एदोगावाचा मोठा भाग भरतीच्या पातळीखाली आहे, त्यामुळे घर सोडावे लागण्याची शक्यता आम्ही गृहीत धरतो. निदान तीन दिवसांचे, जमल्यास आठवड्याचे अन्न आणि माणशी रोज तीन लिटर पाणी घरात ठेवा असे सरकार सांगते. शाकाहारी घराने ही सूचना दुप्पट मनावर घ्यावी.

बाजारात अल्फा-तांदूळ मिळतो, शिजवून वाळवलेला. पाकिटात गरम पाणी ओतले तर पंधरा मिनिटांत, गार ओतले तर तासाभरात भात तयार. साधा पांढराच घ्या. भाज्या घातलेल्या प्रकारांत कोंबडीचा किंवा माशाचा अर्क असू शकतो. पाच वर्षे टिकणारे योकानही येते. त्याला आपली जोड द्या. मेतकूट, सातूचे पीठ, गूळ, चिक्की, भाजलेले दाणे, सुकी दाण्याची चटणी. विस्तव न पेटवता खाता येईल असे इतके काही आपल्या आज्यांनी करून ठेवले आहे. कार्डाची एक प्रत पिशवीत ठेवा, कारण मोबाइलची बॅटरी संपलेली असेल.

१९२३ च्या महाभूकंपाच्या आठवणीत १ सप्टेंबर हा इथे आपत्ती-निवारण दिन असतो. त्या दिवशी आम्ही पिशवी उपसतो आणि तारखा बघतो. संपत आलेले जिन्नस त्या आठवड्यात खाऊन टाकतो आणि नवे भरतो. लेकीचे कपडे दर वर्षी आखूड होतात, तेही तेव्हाच बदलतो. पिशवी दाराशी, बुटांच्या कपाटाशेजारी असावी, माळ्यावर नको.